नोंदवहीतला शब्द

‘युनक’ हा इंग्रजी शब्द मूळचा ग्रीक. शेजघराची राखण करणारा, एवढाच त्याचा पहिला अर्थ. ती विश्वासाची चाकरी होती. मोगलांच्या दरबारात अशी माणसे ख्वाजासरा म्हणून मानाने वावरली. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात हाच शब्द घातला आणि तो संशयिताचा शिक्का झाला.

मराठवाड्यातले धाराशिव तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या मुलखात. निजाम सरकारनेही १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तसाच कायदा केला. युनक कोण? आपण नपुंसक असल्याचे जो कबूल करतो किंवा वैद्यकीय तपासणीत जो तसा दिसतो, तो पुरुष. मुले पळवण्याचा किंवा ‘अनैसर्गिक’ कृत्याचा संशय असला की त्याचे नाव नोंदवहीत चढायचे. हैदराबाद शहरात, आणि सरकार सांगेल त्या इतर ठिकाणी. नाव चढलेला माणूस रस्त्यावर बायकी पेहरावात दिसला किंवा नाचला, तर वॉरंटाशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

याच निजामाच्या राज्यात देवीचे तुळजापूर होते. लुगडे नेसलेला, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला, देवीला वाहिलेला जोगत्या परडी घेऊन दारी आला, की आपल्याकडच्या बाया जोगवा घालून त्याच्या पाया पडतात. लुगडे नेसणे हीच ज्याची भक्ती, त्याच्यासाठी त्या कायद्यात एक ओळही नव्हती, याचा मला आजही राग येतो. आणि परडीपुढे वाकणारे आपण त्याच माणसाला भाड्याने खोली द्यायला कचरतो, याचाही.

१९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. तिकडे तेलंगणात मात्र हा कायदा पुस्तकात तसाच राहिला. कार्यकर्त्या वैजयंती वसंता मोगली यांनी त्याला आव्हान दिले, आणि जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

मधल्या काळात शब्द बदलला होता. १९६५ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉन ऑलिव्हेन यांच्या वैद्यकीय ग्रंथात ‘ट्रान्सजेंडर’चे मूळ रूप आले, पुढे तो शब्द डॉक्टरांकडून चळवळीकडे गेला. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की आपली ओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा. त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह बेकायदा. तरीही २०१९ च्या कायद्याने ‘ट्रान्सजेंडर’ या नोंदीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायला लावला, आणि ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी असेल तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखलाही मागितला. १९१९ ची वैद्यकीय तपासणी अशी मागल्या दाराने परत आली. ही अट जायलाच हवी.