कुत्र्याच्या मादी पिलांतील योनिदाह

राखणीसाठी पाळलेले मादी पिलू पहिल्या माजापूर्वी कधी कधी मागील अंग वरचेवर चाटते व योनिद्वाराशी पांढरट-पिवळसर, चिकट स्राव दिसतो. पिलू खात-खेळत असेल, तर हा बहुधा बाल्यावस्थेतील योनिदाह होय. पुष्कळदा तो पहिल्या माजानंतर आपोआप नाहीसा होतो. कोमट पाण्यात भिजविलेल्या कापसाने तो भाग बाहेरून पुसून कोरडा करावा. आत पिचकारी मारू नये. फिनेल लावण्याचा उत्साह तर आवरलाच पाहिजे. ते कुत्र्यास विषारी असते. नसबंदी करावयाची असल्यास हा स्राव पशुवैद्यांच्या कानावर घालावा.

मात्र पिलू कुंथत थोडी थोडी लघवी वारंवार करीत असेल, तर मूत्राशयाच्या संसर्गाची शंका घ्यावी. अशा वेळी लघवी तपासूनच प्रतिजैविक ठरविणे इष्ट. घरात उरलेल्या गोळ्या अंदाजाने देऊ नयेत. स्रावात रक्त दिसल्यास गवताचे कुसळ आत अडकलेले असण्याचाही संभव असतो.

हाच स्राव माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी दिसला, मादी मलूल झाली व पाणी फार पिऊ लागली, तर गर्भाशयात पू झाल्याचे समजून तिला त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. स्राव बाहेर न येताही हा रोग होतो व जिवावर बेततो.