एका ताडपत्रीखालचे घर

मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा महामार्ग जेथे तापी नदी ओलांडतो, तेथे सुरत शहराच्या पूर्वेस कामरेज हे तालुक्याचे गाव वसले आहे. गाव फार जुने. प्राचीन ताम्रपटांतील कार्मणेय ते हेच, असे इतिहाससंशोधक सांगतात. आजच्या प्रवाशाच्या डोळ्यांत मात्र भरतो तो तेथील ऊस. काकरापारचा बंधारा आणि त्यामागून १९७२ साली पुरे झालेले उकाईचे धरण यांच्या कालव्यांनी या मुलखात पाणी खेळविले आणि त्या पाण्यावर सहकारी साखर कारखाने उभे राहिले. दिवाळी सरली की उसाच्या कडेला, कालव्याच्या बांधालगत किंवा एखाद्या पडीक तुकड्यावर, निळ्या-काळ्या प्लास्टिकच्या ठेंगण्या राहुट्यांची रांग लागते. या वस्तीला तिकडे पडाव म्हणतात. बसच्या खिडकीतून पुष्कळांनी ती पाहिली असेल. आज जरा वाकून तिच्या आत शिरू या.

येथे उतरणारी माणसे डांगची, तापी जिल्ह्याची आणि आपल्या धुळे-नंदुरबारकडची. ऊसतोडीच्या धंद्यात मजूर एकेकटा मोजला जात नाही. नवरा आणि बायको मिळून एक ‘कोयता’. पुरुष बुडातून ऊस तोडतो, बाई वाढे छाटते, पाचट काढते, मोळी बांधते. दोघांचे हात एकत्र चालले तर दिवसाकाठी टन-दीड टन ऊस पडतो. पावसाळ्यात घरी दाणा संपतो तेव्हा मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती याच दोघांच्या नावे. तिची फेड उन्हाळ्यापर्यंत याच दोघांच्या अंगमेहनतीने व्हावयाची. तेव्हा मुकादम देतो ती ताडपत्रीही दोघांना मिळून एकच, यात नवल ते काय? पाठीमागून आलेली मुलेबाळे त्या हिशेबात नसतात. त्यांना जागा करून द्यावयाची ती आईने.

राहुटी उभारण्याचे काम पाहण्यासारखे असते. दोन बांबू जमिनीत रोवावयाचे, त्यांवर तिसरा आडवा बांधावयाचा, त्यावरून ताडपत्री दोन्ही अंगांना सोडून कडा मातीने व दगडांनी दाबावयाच्या. अर्ध्या तासात घर तयार. आत पुरुषभर उंची नसते. वाकून शिरावे आणि बसून वावरावे. उंची वाढवावी तर कडा जमिनीपर्यंत पोचत नाहीत आणि वारा खालून शिरतो. कडा पोचवाव्या तर पाठ सरळ करता येत नाही. कापड तेवढेच, त्यात हा सौदा करावाच लागतो.

खाली पाचटाचा जाड थर आणि त्यावर गोधडी. पाचटाच्या पोकळीत हवा अडकून राहते आणि तीच उबेला कारण होते, म्हणून चुरडलेले पाचट काढून चार दिवसांनी नवे घालणारी बाई शहाणी समजावी. नाताळापासून जानेवारी सरेपर्यंत रात्री गारठा पडतो. प्लास्टिकला श्वास नाही. निजलेल्यांच्या श्वासाची वाफ आतल्या बाजूस धरते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर टपकते. बाहेर पाऊस नाही आणि आत मात्र गोधडी ओली, असा हा प्रकार आहे. दोन्ही तोंडे थोडी उघडी ठेवली तर वाफ निघून जाते, पण मग थंडी आत येते. येथेही सौदाच.

अशा या घरात सर्वांत निर्धास्त जागा कोणती म्हणाल, तर ती झोळीची. जुने लुगडे दुहेरी करून त्याची दोन्ही टोके दोरीने बांधली की तान्ह्याचा पाळणा झाला. पाळण्याची हौस म्हणून ही झोळी नाही. फडातून निघालेला विंचू, मुंग्यांची रांग, क्वचित घोणस किंवा नाग, जमिनीची ओल, या साऱ्यांपासून मूल हातभर वर उचलले जाते. दिवसा हीच झोळी फडाच्या कडेला बाभळीच्या फांदीला किंवा तीन काठ्यांच्या तिकाटण्याला टांगलेली दिसते.

झोळी बांधण्यात एक शास्त्र आहे आणि ते आपल्याही घरी उपयोगी पडण्यासारखे असल्यामुळे येथे थोडे थांबतो. दोरी जितकी ताठ तितकी झोळी मजबूत, असा पुष्कळांचा समज असतो. खरे याच्या उलट आहे. आठ किलोचे मूल झोळीत घातले आणि दोरी आडव्या रेषेपासून तीस अंश खाली उतरती ठेवली, तर प्रत्येक दोरीवर आठ किलोचाच ताण येतो. तीच दोरी ओढून दहा अंशांवर आणली की ताण तेवीस किलोंवर जातो. गाठ सुटते, बांबू आत झुकतो आणि त्याच बांबूवर ताडपत्रीही असेल तर सगळे घरच खाली बसते. तेव्हा झोळी राहुटीच्या बांबूला न बांधता वेगळ्या खुंटांना बांधावी आणि तिला चांगला झोल द्यावा. ती गुडघ्याहून उंच नसावी, चुलीपासून दूर असावी. अगदी तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडू शकतो, म्हणून त्याला झोळीत घातल्यावर मोठ्या माणसाची नजर त्याच्यावर असावी. गाढ झोपेसाठी त्याला सपाट अंथरुणावर, उताणेच निजवावे हे बरे.

हल्ली शहरातील हौशी तरुण सह्याद्रीच्या रानात जाऊन झाडांना मोठ्या कापडी झोळ्या बांधतात आणि रात्र काढतात. दोघे मित्र असले तर झोळ्या दोन व वरची ताडपत्री एक. त्यांनाही हीच गणिते सोडवावी लागतात. साठ किलोच्या माणसाची दोरी दहा अंशांवर ताणली तर तिच्यावर पावणेदोनशे किलोंच्या जवळपास ताण येतो. दोन्ही झोळ्या एकाच उंचीवर बांधल्या तर रात्रभर खांद्याला खांदा आपटतो, म्हणून एक थोडी खाली घ्यावी लागते. पाठीखालचे कापड दबून गार पडते, म्हणून तेथेही गोधडीसारखे काही लागतेच. पावसाचे पाणी दोरीवरून ओघळत झोळीत येऊ नये म्हणून ते दोरीला मध्येच एक चिंधी बांधतात. पाणी तिच्या टोकावरून गळून जाते. अवकाळी पावसात ही युक्ती पडावावरच्या मातेलाही कामी येईल. एवढे मात्र खरे की, ते तरुण दोन रात्री राहून परततात. कोयत्याच्या नशिबी ही वस्ती सहा-सहा महिने.

डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या मजुरांचा अभ्यास केला. बारडोलीकडच्या ऊसतोड्यांच्या उघड्यावरील राहणीविषयी त्यांनी १९७० च्या दशकातच लिहून ठेवले. संसदेने १९७९ साली परप्रांतांत कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी कायदा केला. मजुरांना राहण्याजोगे घर देणे हे नेणाऱ्या ठेकेदाराचे कर्तव्य होय, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. मजुरीच्या दराकरिता मजुरांच्या संघटना झगडल्या आणि २०२२-२३ च्या हंगामात गुजरात सरकारने टनामागे २३८ रुपयांचा किमान दर ४७६ वर नेला. दर दुप्पट झाला, ही चांगली गोष्ट आहे. निवारा मात्र बहुतेक पडावांवर अजूनही ताडपत्रीच. ‘सहा महिन्यांपुरते तर राहावयाचे’ असे त्यावर उत्तर मिळते. पण वीस हंगाम केलेल्या जोडप्याने आयुष्याची दहा वर्षे त्या कापडाखाली काढलेली असतात, हा हिशेब कोणी मांडत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आईबाप पहाटे फडात उतरले की झोळीची दोरी हलवावयास कोण उरते? बहुधा आठ-दहा वर्षांची थोरली बहीण. तिचे नाव गावच्या शाळेत असते. ती असते कामरेजला. आपल्याकडे साखरशाळा निघाल्या, गुजरातेतही पडावांवर वर्ग चालविण्याचे प्रयत्न झाले. परंतु वर्ग दोनशे पावलांवर असला तरी झोळी सोडून ती जाणार कशी? प्रथम तान्ह्याला सांभाळणारे कोणी हवे. पाळणाघर नाही तेथे पाटी-पुस्तक व्यर्थ होय, असे आमचे स्पष्ट मत आहे. पडावाशेजारी दुसरे काही करता येत नसेल, तर ज्याच्या बांधावर ही राहुटी असते त्या शेतकऱ्याने गोठ्याची एक पडवी दिवसापुरती मोकळी करून द्यावी.

संध्याकाळी चूल पेटते. धूर आत कोंडतो म्हणून ती दाराबाहेर, तीन दगडांवर. जवळ पाचट असल्याने तिच्याभोवतीची जमीन खरवडून साफ केलेली. भाकरी होते. ट्रक रात्री आला तर मोळ्या भरण्यासाठी दोघांना उठावे लागेल, म्हणून जेवण लौकर. बाई निजताना झोळीची एक दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून घेते. मूल कुरकुरले की झोपेतच पाय हलतो.

एप्रिल-मे उजाडला, कारखान्याचा भोंगा थांबला, की हिशेब होतो आणि उचल वजा जाता काय उरेल ते हाती पडते. बांबू उपटले जातात. ताडपत्री झटकून, घडी घालून ट्रकच्या तळाशी जाते. झोळीचे लुगडे सोडून त्याचेच गाठोडे बांधलेले असते, आणि मूल तेवढ्या वाटेपुरते आईच्या मांडीवर.