टाच घासा, पण बेताने!

श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेसाठी त्र्यंबकेश्वर येथे राज्यभरातून भाविक येतात. आदल्या रात्रीपासूनच फेरीला प्रारंभ होतो. सुमारे २० किलोमीटरची ही वाट अनेक जण पावसाचिखलातून अनवाणी चालतात. घरी परतल्यावर पहिले लक्ष जाते ते तळपायांकडे. टाचा भेगाळलेल्या, कातडी भिजून पांढरी पडलेली आणि भेगांत चिखल रुतलेला. मग न्हाणीघरातील वज्री घेऊन पाय खरवडून काढण्याची घाई होते. नेमकी हीच घाई अंगाशी येऊ शकते.

त्वचा स्वतःच कात टाकते

त्वचेच्या तळाशी सतत नव्या पेशी तयार होत असतात. त्या हळूहळू वर सरकतात, मृत होतात आणि कौलांसारख्या एकमेकींवर रचल्या जातात. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वयोमानानुसार तो मंदावतो. हा मृत पेशींचा थर निरुपयोगी नसतो. शरीरातील ओलावा आत ठेवणे आणि जंतूंना बाहेर रोखणे, ही कामे तोच करतो. त्यामुळे घासण्याचा हेतू सुटू लागलेल्या पेशी दूर करणे एवढाच असावा. संपूर्ण थर सोलून काढला, तर त्वचा कोरडी पडते, तिची आग होते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

टाचांसाठी योग्य पद्धत

फेरीहून आल्यावर पाय साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसह कोरडे करावेत. भिजून मऊ झालेली कातडी सहज सोलवटते, म्हणून त्या दिवशी वज्री लावू नये. फोड आले असल्यास ते फोडू नयेत. बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील, तर घासण्याने त्या बऱ्या होत नाहीत. बेचके कोरडे ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध लावावे.

जखमा भरल्यानंतर, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, पाय सुमारे दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत आणि वज्री हलक्या हाताने फिरवावी. टाचेची जाड कातडी शरीराचा भार पेलणारी गादी असते. ती गुळगुळीत करावी, नाहीशी करू नये. नंतर पाय टिपून लगेच पेट्रोलियम जेली किंवा युरियायुक्त मलम लावावे व रात्री सुती मोजे घालावेत. वज्री धुऊन वाळवावी आणि प्रत्येकाची वेगळी असावी.

मधुमेहींनी मात्र हा प्रयोग घरी करू नये. पायांची संवेदना कमी झालेली असल्यास पाणी किती गरम आहे किंवा कातडी कधी सोलली गेली, हे कळतच नाही आणि छोटी जखमही चिघळू शकते. ब्लेडने कातडी कापणे, भोवऱ्यांवर आम्लयुक्त पट्ट्या लावणे त्यांनी कटाक्षाने टाळावे. रोज तळपाय तपासावेत आणि खोल भेगा डॉक्टरांना दाखवाव्यात.

चेहऱ्याला वज्रीचा न्याय नको

चेहऱ्याची त्वचा तळपायाच्या मानाने फार पातळ असते. नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानात आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम त्या दृष्टीने शहाणपणाचा आहे. तेलामुळे घर्षण कमी होते. आंबेहळद, नागरमोथा, कचोरा यांचे उटणे वस्त्रगाळ असावे, बोटांच्या टोकांनी अर्धा-एक मिनिट फिरवून धुऊन टाकावे. मुरुमे, इसब, ताजी जखम किंवा उन्हाने भाजलेली त्वचा असल्यास ते लावू नये. लिंबू किंवा खाण्याचा सोडा चेहऱ्यावर चोळणेही टाळावे.

ग्लायकोलिक किंवा लॅक्टिक आम्लाची प्रसाधने न घासता पेशींमधील बंध सैल करतात. ती रात्री, आठवड्यातून एकदा वापरून सुरुवात करावी. त्यांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील होते. म्हणून दिवसा सनस्क्रीन आवश्यक ठरते. मुरुमांसाठी रेटिनॉइड मलम सुरू असल्यास आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारावे.

काळेपणा म्हणजे मळ नव्हे

आपल्याकडे आढळणारी एक तक्रार घासण्यातूनच जन्माला येते. प्लॅस्टिकच्या जाळीने किंवा खरखरीत घासणीने वर्षानुवर्षे अंग घासल्यास गळ्याखालील हाडे, दंड, पाठ अशा हाडाजवळच्या भागांवर काळपट पट्टे उमटतात. घर्षणाला उत्तर म्हणून त्वचेने वाढवलेले ते रंगद्रव्य असते. मळ समजून ते आणखी जोराने घासले जाते आणि डाग अधिक गडद होतात. घासणी बाजूला ठेवणे हा त्यावरील पहिला उपचार. डाग फिके होण्यास अनेक महिने लागतात.

घासल्यानंतर त्वचा मऊ लागली, तर प्रमाण योग्य. ती लाल झाली, चुरचुरली किंवा ओढल्यासारखी वाटली, तर हात आवरता घ्यावा.