रोपांची किंमत आणि श्रमाचे मोल

धर्मादाय कार्यासाठी रोपे विकावयाची, तर किंमत कशी ठरवावी? श्रमदान हिशेबात न धरता ती उतरविली, तर शेजारच्या गरीब माळ्याचे गिऱ्हाईक तुटते. १९३२ साली वर्ध्यानजीक नालवाडीस आलेल्या विनोबांनी सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह करून पाहिला. ती किती अपुरी, हे दिसून आले. १९३५ साली चरखा संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. खादी महागली, परंतु अधिक न्याय्य झाली. रोपांनाही हाच न्याय हवा. १०० पैकी २० रोपे मेली, तर उरलेल्या ८० च्या किमतीत १०० रोपांची माती, खत, पाणी आणि मजुरी धरलीच पाहिजे. श्रमदात्याने आपली मजुरी खुशाल निधीला द्यावी. किमतीतून मात्र ती वगळू नये. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन केलेले दान हे दान नव्हे.