वाहतूक परवान्याचं पुस्तक

27 एप्रिल 2011 रोजी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. निमित्त वरवर किरकोळ होतं. वाहतूक परवान्यांचं एक पुस्तक वनखात्याकडून ग्रामसभेच्या हाती जायचं होतं. जंगलातला माल डांबरी रस्त्यावर आणायचा तर हा परवाना, सगळ्यांच्या तोंडी असलेला 'टीपी', लागतो, आणि तोवर तो फाडून देणारा हात फक्त खात्याचा होता.

खरं तर मेंढ्याचा सुमारे 1800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क 2009 मध्येच मान्य झाला होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजांच्या यादीत बांबूचं नाव घेऊन तो गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा मालकी हक्क दिला होता. पण 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या व्याख्येत बांबू झाडांत मोडायचा, आणि खातं त्या जुन्या व्याख्येवर अडून बसलं होतं. परिणामी गाव कागदावर मालक आणि नाक्यावर चोर. बल्लारपूरचा कागद कारखाना मात्र याच पट्ट्यातला बांबू सरकारशी केलेल्या करारावर दशकानुदशकं उचलत होता. त्या व्यवहारात गावाला एकच जागा होती, कटाईच्या मजुराची. पुस्तक हाती आलं आणि पहिल्याच मोठ्या विक्रीत कोटीच्या घरातली रक्कम ग्रामसभेच्या खात्यात जमा झाली. पुढे 2012 मध्ये वनहक्काच्या नियमांत दुरुस्ती होऊन परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या समितीकडे आला, आणि 2017 मध्ये 1927 च्या कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू एकदाचा बाहेर पडला.

आदिवासींच्या उद्योगांना हातभार लावण्याची भाषा आपल्याकडे भरपूर चालते. प्रशिक्षण वर्ग, बचत गट, शिलाई यंत्रं, प्रदर्शनात मिळणारा एक गाळा. यातलं काहीच वाईट नाही. पण माझ्या मते पहिला प्रश्न त्या पुस्तकाचा आहे. माल कोणाचा, तो हलवण्याचा अधिकार कोणाचा आणि बोली उघडताना खुर्चीत कोण बसतं, हे ठरल्याशिवाय भागीदारी म्हणजे जुन्याच ठेकेदारीचं नवं नाव असतं.

सरकारने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला होता. 1972 मध्ये नाशिकला आदिवासी विकास महामंडळ निघालं, एकाधिकार खरेदी आली, आणि सावकाराच्या काट्यावरून धान्य आणि वनोपज सरकारी काट्यावर गेलं. त्याने गावचा व्यापारी थोडा वचकला. विकणारा मात्र विकणाराच राहिला. भाव ठरवायला तो टेबलाच्या पलीकडे कधी गेला नाही.

तो टेबलाच्या पलीकडे गेला तो तेंदूपत्त्यात. मे महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे चालणारा हा हंगाम पूर्व विदर्भातल्या अनेक घरांची वर्षातली सर्वांत मोठी रोख कमाई असते. पहाटे जंगलात जायचं, पानं तोडायची, घरी सगळ्यांनी बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचा. हजार पुड्यांची एक गोणी. 1969 च्या राज्य कायद्याने हा व्यापार सरकारच्या हातात होता. खातं लिलाव करायचं, मजुराला तोडणीचा दर मिळायचा आणि उरलेलं पुढे कधीतरी 'बोनस' म्हणून यायचं. बोनस या शब्दातच देणारा आणि घेणारा ठरलेला होता. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा यांच्या आधारावर ग्रामसभांनी खात्याकडून पाना-पुड्याचा हा व्यापार काढून घेतला आणि स्वतः निविदा मागवायला सुरुवात केली. एकेकट्या गावाकडे मोठा ठेकेदार वळत नाही, म्हणून शेजारच्या गावांनी एकत्र येऊन लिलाव लावले. कोरची तालुक्यात तर ग्रामसभांची महाग्रामसभा उभी राहिली.

इथून पुढची गोष्ट कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही. लिलाव जिंकणं आणि पैसे हातात पडणं यांत बरंच अंतर असतं. ठेकेदार अनामत भरतो, माल उचलतो, आणि बाजार पडला की उरलेले हप्ते लांबवतो. पान एकदा गोदामात गेल्यावर ग्रामसभेच्या हातात करारनाम्याखेरीज काही राहत नाही, आणि तो करारनामा बहुधा ठेकेदाराच्याच माणसाने टाइप केलेला असतो. त्यात 2017 मध्ये तेंदूपत्त्यावर 18 टक्के जीएसटी बसला. तो 5 टक्क्यांवर यायला 2025 उजाडलं. पॅन कार्ड, हिशेबतपासणी, कापून गेलेला आयकर परत मागणं, हे सगळं जिथे बँकेची शाखाच तीस-चाळीस किलोमीटरवर असू शकते तिथे करायचं. भागीदार व्हायचंच असेल तर पहिली गरज इथे आहे: एक प्रामाणिक हिशेबनीस आणि करार वाचून दाखवणारा एक वकील. भाषण करणारे पाहुणे पुरेसे आहेत.

दुसरी अडचण वेळेची. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावाबरोबर रुजवलेल्या अभ्यासगटात विषयाचा आधी कीस पडतो, मग तो ग्रामसभेपुढे येतो. एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बसायचं. शुक्रवारपर्यंत उत्तर हवं असलेल्या कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याला हा वेडेपणा वाटतो. पण याच पद्धतीने या गावाने 2013 मध्ये आपली शेतजमीनसुद्धा ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावावर केली. असा निर्णय घेऊ शकणाऱ्या विक्रेत्याचा शब्द किती टिकाऊ असेल, याचा हिशेब खरेदी अधिकाऱ्याने करून पाहायला हरकत नाही.

वारली चित्रांची कथा वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी येते. जंगल मोजता येतं, त्याला सीमा असते. चित्राचं कुंपण कसं घालायचं? डहाणू-तलासरी भागात लग्नाच्या चौकापुरतं असलेलं हे चित्रण सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे कागदावर आलं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर नेलं, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते गेले. या काळात वारली आकृत्या चादरी, कप, कुर्ते, हॉटेलांच्या भिंती आणि आता दिवाळीच्या पणत्या-पाकिटांवर इतक्या पसरल्या, की त्या कोणाच्या आहेत हे विचारायची कोणाला गरज वाटेना. 'आयुश' या आदिवासी तरुणांच्या संघटनेने पुढाकार घेतला आणि 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक निर्देशन मिळालं. हे निर्देशन उपयोगी आहे, पण ते आपोआप पैसे मिळवून देत नाही. मुंबईतल्या छपाई कारखान्यातून निघालेली वारली चादर त्याने थांबत नाही. तिच्याविरुद्ध उभं राहायला कोणाला तरी पैसे आणि वर्षं खर्च करावी लागतात.

ऑस्ट्रेलियाने हा धडा महागात घेतला. तिथल्या उत्पादकता आयोगाने 2022 मध्ये म्हटलं, की आदिवासी शैलीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या स्मरणवस्तूंपैकी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश माल खरा नाही. त्याआधी 2018 मध्ये न्यायालयाने बिरुबी आर्ट या कंपनीला दोषी धरलं होतं. तिने इंडोनेशियात बनवलेले बुमरँग आणि डिजेरिडू यांसारख्या अठरा हजारांवर वस्तू आदिवासींच्या हातच्या असल्याचा आभास करून विकल्या होत्या. पुढच्या वर्षी 23 लाख डॉलरचा दंड झाला.

त्याच देशाने सरकारी खरेदीतून मात्र बऱ्यापैकी काम केलं आहे. 1 जुलै 2015 पासून केंद्र सरकारच्या ठरावीक टक्के कंत्राटांसाठी आदिवासी मालकीचे उद्योग शोधणं खात्यांना बंधनकारक झालं. 80 हजार ते दोन लाख डॉलरच्या कामांत आधी त्यांनाच विचारायचं असा नियम आला. 2009 पासून चालणारी 'सप्लाय नेशन' ही संस्था अशा उद्योगांची तपासलेली नोंदवही ठेवते. कंत्राटांचा ओघ वाढला तशी चलाखीही आली. नावापुरता एक आदिवासी भागीदार पुढे ठेवून काम लाटणाऱ्यांना तिथे 'ब्लॅक क्लॅडिंग' म्हणतात. म्हणून निम्म्या मालकीवर न थांबता 51 टक्के मालकी किंवा प्रत्यक्ष नियंत्रण मागण्याकडे तिथलं धोरण सरकलं. आपल्याकडे आदिवासींच्या जमिनीवर आणि आरक्षित पेट्रोल पंपांवर बेनामी मालक बसवण्याची परंपरा पाहता हा वाक्प्रचार कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

भारतातही तसा नियम आहे. 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची. 2016 मध्ये त्यासाठी वेगळं राष्ट्रीय केंद्रही निघालं. तरी हे लक्ष्य वर्षानुवर्षं हुकत आलं आहे, आणि हुकलं म्हणून कोणाची मान खाली गेल्याचं दिसत नाही. शिवाय ग्रामसभेसारखा सामूहिक मालक या चौकटीत नीट बसत नाही. टक्केवारी व्यक्तीच्या मालकीची मोजली जाते, आणि मेंढ्याचा बांबू कोणा एकाचा नाही.

टक्केवारीचं दुसरं टोक सुरजागडच्या खाणीकडे दिसतं. 1 जानेवारी 2025 रोजी गडचिरोलीत खाण कंपनीने मुख्यमंत्र्यांच्या हस्ते कामगारांना समभाग दिले. कामगाराला कंपनीचा हिस्सा मिळणं चांगलंच. पण ज्या डोंगरावरून लोखंड निघतं त्याबद्दल परिसरातल्या ग्रामसभा वर्षानुवर्षं जे म्हणत आल्या आहेत, त्याचं उत्तर समभागाच्या प्रमाणपत्रात नाही.

मोहाचं प्रकरण तर इतिहासच उलटा करून सांगतं. 1892 च्या मुंबई मोहवरा कायद्याने ठाणे-कुलाब्यातल्या लोकांना स्वतःच्या झाडाखालची फुलं साठवायला बंदी केली, कारण सरकारला दारूच्या मक्त्याचा महसूल हवा होता. मोहफुलं गोळा करण्यावरची आणि वाहून नेण्यावरची बंधनं महाराष्ट्राने सैल केली ती 2021 मध्ये. दरम्यान गोव्यातून मोहाची देखणी बाटली शहरी बारमध्ये पोहोचली होती. बनवणाऱ्यांची कल्पकता मी नाकारत नाही. मात्र जी दारू घरात गाळली म्हणून आदिवासी बायकांवर खटले भरले गेले, तिची परवानाधारक भट्टी टाकणं आजही त्यांच्या आवाक्यात नाही. इथे खरी भागीदारी म्हणजे फुलांना चांगला दर देणं एवढीच नसावी. परवान्यात आणि बाटलीवरच्या नावात हिस्सा असायला हवा.

लहान पातळीवर चांगली उदाहरणं आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीरने उजाड डोंगर हिरवा करून तिथली सीताफळं शहरात विकायला काढली. 2014 चा भारतीय जैवविविधता पुरस्कार तिच्या वाट्याला आला. धारणीजवळच्या लवाद्याच्या बांबू केंद्रातून कोरकू कारागिरांच्या राख्या देशभर जातात. शहापुरात कातकरी तरुणांच्या वनधन गटाला औषध कंपन्यांकडून साडेतीनशे टन गुळवेलीची दीड कोटींवरची मागणी आली. या सगळ्यांत खरेदीदाराने एक गोष्ट केलेली दिसते: मालाचं प्रमाण आणि वेळ जंगलाच्या चालीने मान्य केली. गुळवेल वाळायला जेवढे दिवस लागतात तेवढे लागतात.

चंद्रपूरच्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव याहून पुढे गेलं. 2012 मध्ये हजार हेक्टरांवर वनहक्क मिळाल्यावर ग्रामसभेने बांबूचा धंदा उभा केला, आणि तेंदूपत्ता तोडायचा नाही असं ठरवलं. पानांसाठी झाडं छाटावी लागतात, जंगलात आगी लावल्या जातात, आणि तेंदूची फळं पाखरांना आणि माणसांना दोघांनाही मिळत नाहीत, हे त्यांचं कारण. हातातली रोख रक्कम सोडून दिलेल्या या गावाशी व्यापार करायला आलेल्याला बांबूची गाडी मिळते. तेंदूपत्त्याची निविदा मात्र तिथे निघत नाही.