डाव्या पायाचे ओझे

आम्ही मराठी आणि इतिहास शिकविणारे. सायकलीचा पंप सोडला तर यंत्राशी आमचा संबंध कधी आला नव्हता. तेव्हा मोटारीच्या क्लचवरील लेखाखाली आमचे नाव पाहून विद्यार्थ्यांस हसू येईल, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. परंतु गेल्या वर्षी एका जुन्या पिकअप गाडीपायी आमचे सलग चार रविवार गॅरेजात गेले, आणि विज्ञानाच्या पुस्तकातील एक नियम आम्हांला प्रथमच समजला.

गाडी आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांची. शेतातून केळीचे घड भरावयाचे आणि मंडईत आणून पोचवावयाचे, हा त्यांचा व्यवसाय. गाडी वीस वर्षांहून जुनी. तिचा क्लच इतका जड झाला होता, की मंडईच्या रांगेत पावला-पावलाने पुढे सरकताना त्यांचा डावा गुडघा सुजून येई. मुलगा आठ दिवस शाळेत दिसला नाही, म्हणून आम्ही त्याच्या घरी गेलो. गाडी विकावी आणि मुलाला शाळेतून काढून कोठेतरी कामास लावावे, असा विचार तेथे चालला होता. "सर, हा पायच चालत नाही, तर गाडी काय चालवू?" ते म्हणाले. आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या मिस्त्रीपाशी मात्र होते.

क्लच म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे. चाके थांबली तरी इंजिनाला थांबून चालत नाही. थांबले की ते बंद पडते. म्हणून फिरते इंजिन आणि गिअरची पेटी यांच्यामध्ये हवी तेव्हा सुटणारी आणि हवी तेव्हा जुळणारी एक गाठ लागते. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड चाक असते. त्याला लागून क्लच प्लेट, आणि तिच्या पाठीमागे प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटची स्प्रिंग काही शे किलोच्या जोराने क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरते. दोन तळहातांमध्ये पुठ्ठा घट्ट धरून हात फिरविले, तर पुठ्ठाही फिरतो; पकड सैल केली, की हात फिरले तरी तो जागीच राहतो. चालकाचा डावा पाय करतो ते एवढेच: त्या स्प्रिंगविरुद्ध जोर लावून पकड सैल करणे. दिवसातून किती शे वेळा, ते केळीवाल्यांनाच विचारावे.

हा जोर पेडलापासून क्लचच्या फोर्कपर्यंत न्यावयाचा कसा? जुन्या गाड्यांत त्यासाठी दांड्या, तरफा किंवा तारेची केबल असे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीप पाहा. तिच्या ब्रेकला द्रवाची नळी होती. क्लचला मात्र तार आणि दांडीच. त्याच जातीची जीप महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळविण्यास आरंभ केला, आणि अशा तारा-दांड्यांवर आपल्याकडील मिस्त्रींच्या दोन पिढ्या घडल्या. केबल सुकते, सांधे झिजतात, आणि पायाचा बराचसा जोर वाटेतच खर्ची पडतो.

आमच्या पिकअपमध्ये एवढ्यानेच भागणार नव्हते. तिची गिअरपेटीही झिजली होती. चढावर तिसरा गिअर आपोआप निसटे. मिस्त्रीने भंगार बाजारातून नंतरच्या बनावटीची पाच गिअरांची पेटी आणली. तिला बसविण्यासाठी खालचा आडवा आधार मागे सरकवावा लागला, आणि पेटी लांब असल्याने मागील चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून, जोडून, पुन्हा तोलून घ्यावा लागला. इंजिनाला हात लावला नाही. नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधन आहे. म्हणून मालकांनी आधी परिवहन कार्यालयात विचारणा केली, हे त्यांचे शहाणपण. खरी अडचण पुढेच होती. नव्या पेटीचा फोर्क नेमका विरुद्ध बाजूस आला. जुनी दांडी तेथे पोचेना, आणि केबलला इतके वळसे पडले की ती अधिकच जड झाली.

अमेरिकेत हाच उद्योग हौसेने करतात. तेथील पुष्कळ जुन्या पिकअप गाड्या आपोआप गिअर बदलणाऱ्या. त्यांच्यात मुळात क्लचचे पेडलच नसते. अशी गाडी हाती चालविण्याची करावयाची, तर पातळ पत्र्याच्या चकतीऐवजी जड फ्लायव्हील बसविण्यापासून सुरुवात करावी लागते. तेथेही मंडळी बहुधा द्रवाचाच क्लच निवडतात. कारण तेच: नळी हवी तशी वळविता येते.

आता तो नियम. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पोचतो, असे ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पुढे १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्यावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. पेडलापाशी एक लहान नळकांडे, तो मास्टर सिलिंडर. फोर्कपाशी दुसरे, तो स्लेव्ह सिलिंडर. दोहोंच्या मध्ये द्रवाने भरलेली नळी. पायाने इकडचा दट्ट्या दाबला की तिकडचा पुढे सरकतो.

येथे आमचा एक गैरसमज होता, आणि तो अनेकांचा असावा. द्रव आपल्या पदरचा जोर घालतो, असे आम्ही समजत होतो. मिस्त्री हसले आणि त्यांनी खडूने जमिनीवर आकडे मांडले. पेडलाची तरफ अशी, की पाऊल १२ सेंटिमीटर खाली गेले तर दट्ट्या २ सेंटिमीटर सरकतो. म्हणजे पायाचा १० किलोचा जोर दट्ट्यावर ६० किलो होतो. मास्टरचा व्यास १६ मिलिमीटर आणि स्लेव्हचा २० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ दीडपटीहून थोडे अधिक. फोर्कवर सुमारे ९४ किलो जोर मिळतो. पण मास्टर २० मिलिमीटर सरकला, तरी स्लेव्ह मात्र १२.८ मिलिमीटरच सरकतो. जितका जोर वाढला, तितके अंतर घटले. यात फुकट काही नाही.

गंमत अशी, की हे आकडे मांडले गेले ते एक चूक होऊन गेल्यानंतर. वडिलांच्या गुडघ्याचा विचार करून आधी २५ मिलिमीटरचा स्लेव्ह बसविला होता. पेडल लोण्यासारखे मऊ झाले! मुलगा आनंदाने टाळ्या वाजवू लागला. इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकला, तो दातांचा असा करकराट झाला की शेजारच्या दुकानातील माणसे बाहेर आली. त्या फोर्कच्या टोकाला १२ मिलिमीटरच्या आसपास सरकणे आवश्यक होते, आणि मोठ्या स्लेव्हने ते जेमतेम ८ मिलिमीटर सरकत होते. पकड पुरती सुटतच नव्हती. दुसऱ्या रविवारी २० मिलिमीटरचा स्लेव्ह आला. पेडल किंचित जड झाले, पण गिअर मुकाट्याने पडला. मग आराम नक्की मिळाला कोठून? एक तर वाटेतील घर्षण गेले. दुसरे, झिजलेल्या प्रेशर प्लेटऐवजी पाकळ्यांच्या चपट्या स्प्रिंगची नवी प्लेट बसविली होती. तिचा विरोध पेडल खाली जाता जाता कमी होतो. जुन्या वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा वाढतच जातो. सगळे श्रेय नळीला देणे न्यायाचे होणार नाही.

तिसरा रविवार हवा काढण्यात गेला. द्रव दाबला तरी आकसत नाही, हवा आकसते. नळीत एखादा बुडबुडा राहिला, तर पाय जोर लावतो आणि तो जोर बुडबुडा गिळून बसतो. आमच्या घरच्या कोंकणीत हवेला ‘वारें’ म्हणतात; मिस्त्री ‘एअर’ म्हणतात; पेडल स्पंजासारखे लागते, हे मात्र कोणत्याही भाषेत कळते. आपल्या गावचा कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात तो बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारांतून केवळ उताराने शहराकडे येते, आणि वाटेतील कुंड्यांतून हवा आत खेळते. तेथे हवा सोबतीण. येथे ती वैरीण. कारण तेथे पाणी वाहते, येथे द्रवाने वाहावयाचे नसून दाब पोचवावयाचा असतो.

काम दोघांचे. मुलगा आसनावर, आम्ही गाडीखाली. स्लेव्हच्या माथ्यावरील बारीक तोटीला रबरी नळी लावून तिचे टोक द्रवाच्या बाटलीत बुडवावयाचे. तो पेडल दाबून धरी, आम्ही तोटी सैल करीत असू, बुडबुडे निघत, तोटी आवळली की मगच तो पाय उचली. क्रम चुकला की हवा पुन्हा आत. हा द्रव ब्रेक ऑइल या नावाने विकला जातो, पण ते नेहमीचे तेल नव्हे. त्याऐवजी इंजिनचे तेल घातल्यास आतील रबरी वॉशर फुगून निकामी होतात. तो रंगही खातो. आमच्या धांदलीने मडगार्डवर काही थेंब सांडले. मिस्त्रींनी लगबगीने पाणी ओतले, तरी तेथे एक डाग राहिलाच.

चौथ्या रविवारी मुलाचे वडील गाडी घेऊन तापीच्या पुलापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर ते काही बोलले नाहीत. गुडघा दोनदा वाकवून पाहिला. मुलगा सोमवारी वर्गात होता. आता तो दहावीत आहे, आणि दर रविवारी मास्टरवरील डबीतील द्रवाची पातळी वहीत टिपून ठेवतो. परवा तो जरा घाबरतच आमच्याकडे आला. पातळी खाली जाण्याऐवजी किंचित वर आली होती. कोणी ओतले, असे त्याने विचारले. आम्हांला सांगता येईना. दोघे मिळून मिस्त्रींकडे गेलो. क्लच प्लेट झिजते तसतशा स्प्रिंगच्या पाकळ्या मागे सरतात, फोर्क स्लेव्हच्या दट्ट्याला थोडा आत ढकलतो, आणि तेवढा द्रव वर डबीत परततो. पातळी घटली असती तर कोठेतरी गळती आहे, असे समजावयाचे होते. मुलाने ते वहीत लिहून घेतले आणि त्याखाली तारीख घातली.