गोगलगायीची काचपेटी

‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतात, पण तिच्या पोटातून बाहेर काय पडतं याचा अंदाज फिश टँकमध्ये तिला पाळल्यावरच येतो. काच चाटून शेवाळ खाते म्हणून दुकानदार तिला ‘सफाईवाली’ म्हणून विकतात. खाते हे खरं, पण तितकीच घाणही करते.

पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून नळाला दिवसाआड पाणी येतं. एरवी त्यावर कुरकूर करावी, पण इथे ते पथ्यावर पडतं. उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की पाण्यातला क्लोरीन बराचसा उडून जातो. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, सगळं नाही; घाण पचवणारे जिवाणू खडीवर आणि फिल्टरच्या स्पंजात असतात. म्हणून स्पंजही नळाखाली न धरता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. तळाची काळी विष्ठा नळीने ओढून घ्यायची. साबण अजिबात नको. काकडीची चकती सकाळी टाकली तर संध्याकाळी उचलायची, नाहीतर पाणी दुधाळ होतं.

चाकणकडे बोअरचं जड पाणी असेल तर उत्तमच, शंखाला कॅल्शियम मिळतं. मृदू पाण्यात शंखाला खड्डे पडतात. तिथे समुद्रफेसाचा तुकडा टाकावा. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते गोगलगायीला विषच.

न हलणारी गोगलगाय उचलून हुंगावी. मेलेली असेल तर शंका उरत नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला. जास्तीची पिल्लं मात्र पवनेत किंवा इंद्रायणीत सोडू नका.